चाकाखालची मोगरी

खानदेशातल्या रथाला ब्रेक नसतो, स्टिअरिंग नसतं. जळगावचा रामरथ, अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या यात्रेतला रथ, पारोळ्याचा बालाजीचा, पिंप्राळ्याचा विठ्ठलाचा. गाव कुठलंही असो, गोष्ट तीच. माळ्यावर माळा चढवलेला लाकडी डोलारा, वजन टनांत, पुढे दोर धरलेली माणसं, मागे रेटा देणारी पोरं, दोन्हीकडे ओटे आणि वर विजेच्या तारा. हे सगळं वळतं आणि थांबतं ते एका लाकडी ठोकळ्यावर. त्याला म्हणायचं मोगरी.

मोगरी म्हणजे टणक लाकडाची जाडजूड पाचर. रथ थांबवायचा असला की पुढच्या दोन्ही चाकांखाली एकाच क्षणी सारायची. डावीकडे वळवायचा असला की फक्त डाव्या चाकाखाली. डावं चाक अडतं, उजवं पुढे सरकतं आणि रथाचं तोंड बोटभर डावीकडे फिरतं. मोगरी काढायची, रथ हातभर पुढे घ्यायचा, पुन्हा लावायची. एक काटकोनी वळण घ्यायला हे असं कितीतरी वेळा करावं लागतं. लोकांना वाटतं, रथ अडकला. अडकलेला नसतो, तो वळत असतो.

यात चुका कुठे होतात, तेही ठरलेलं आहे. रथानं वेग घेतल्यावर मोगरी लावली तर ती चिरडते नाहीतर बाजूला उडते आणि कुणाच्या तरी नडगीवर बसते. एक बाजू आधी लागली, दुसरी क्षणभर उशिरा, तर रथ तिरका होऊन ओट्यावर चढू बघतो. मातीच्या रस्त्यात मोगरी रुतून बसायची. डांबरावर आणि सिमेंटवर ती घसरते, त्यातून कडा झिजलेली असली तर विचारायला नको. सगळ्यांत वाईट म्हणजे गजराच्या आवाजात मोगरीवाल्याची हाक दोरवाल्यांपर्यंत न पोचणं. त्याची मोगरी लागलेली असते आणि पुढचे ओढतच असतात.

मोगरीवाला मूर्तीकडे बघत नाही. मिरवणूकभर त्याची नजर चाकाच्या खालच्या कडेवर असते. आख्ख्या गावाला दर्शन होतं, त्याला होत नाही.

काळ अंगावर आला की लोक महाराजांकडे, मौलानांकडे, पाड्यावरच्या पुंजाऱ्याकडे, म्हणजे आदिवासींच्या पुजाऱ्याकडे, धावतात. कापसाचा भाव पडला, मे महिन्याच्या वावटळीनं रावेर-यावलच्या केळीबागा एका रात्रीत आडव्या झाल्या, गावात दंगल झाली, साथ आली. धावणाऱ्यांची अपेक्षा असते की या माणसानं रथ ओढावा. रथ त्याला ओढता येत नाही, तो गावच ओढतं. त्याच्या हातात असलीच तर मोगरी असते. ज्यांना हे कळलं त्यांचा उपयोग झाला. ज्यांनी दोर हातात घेतला त्यांचं पुढे काय झालं, तेही खानदेशानं पाहिलेलं आहे.

जळगावचा रथ १८७२ पासूनचा. श्रीराम मंदिर संस्थानच्या अप्पा महाराजांनी तो सुरू केला. कार्तिकी पाडव्यापासून रोज एक वाहन निघतं आणि शुद्ध एकादशीला रथ. वाटेत भिलपुऱ्यात लालशाह बाबांची समाधी लागते. तिथे रथ थांबतो, समाधीला चादर चढते, मुस्लिम मंडळी रथाचं स्वागत करतात आणि मग रथ पुढे जातो. अप्पा महाराज आणि लालशाह बाबा यांचा स्नेह होता, असं जळगाव सांगतं. दोघेही गेले, थांबा राहिला.

माझ्या लेखी या प्रथेतली अक्कल स्नेहापेक्षा थांब्यात जास्त आहे. स्नेह दोन माणसांबरोबर संपतो. थांबा मात्र मार्गाच्या आखणीत शिरला की तो कुणाच्या मर्जीवर उरत नाही. त्या वर्षी गावात वातावरण कसं आहे, कोण निवडून आलं, कोण कुणाशी बोलत नाही, यातलं काहीही विचारात न घेता रथ भिलपुऱ्यात थांबतो. थांबला नाही तर ती बातमी होते. एरवी एकोप्याची भाषणं कितीही झाली तरी बातमी होत नाही.

पण याचं फार कौतुकही करू नये. मे १९७० मध्ये भिवंडीपाठोपाठ जळगावही पेटलं. न्यायमूर्ती मादन आयोगानं भिवंडी आणि महाडबरोबर जळगावचीही चौकशी केली. तोवर रथाला अठ्ठ्याण्णव वर्षं झाली होती. अठ्ठ्याण्णव वर्षांचा थांबा मे महिन्यातली एक रात्र थांबवू शकला नाही, कारण रथ कार्तिकात निघतो आणि मोगरी चाक फिरत असतानाच लावता येते. उरलेल्या अकरा महिन्यांत त्या दोन वस्त्यांमध्ये बोलणारं कोण असतं, हा खरा प्रश्न. पुढच्या कार्तिकात पुन्हा त्याच वाटेवर येण्याची सोय प्रथेनं ठेवली, एवढं तिचं श्रेय. ते कमी नाही, पण तेवढंच आहे.

अकरा महिन्यांचं काम कसं चालतं ते बघायचं तर गावातला हरिनाम सप्ताह बघावा. बाहेरच्याला तो सात दिवसांचा भजन-जेवणाचा कार्यक्रम वाटतो. आतून तो कामगारांच्या पाळ्यांसारखा बांधलेला असतो. पहाटे चारला काकडा. मग विष्णुसहस्रनाम. सकाळी आठच्या सुमारास पारायणाला बसायचं ते साधारण अकरापर्यंत. दुपारी गाथा भजन किंवा प्रवचन. संध्याकाळी हरिपाठ. रात्री जेवणं उरकून कीर्तन, आणि त्यानंतर जागर. आठव्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. रात्री दहा ते पहाटे सहा लाऊडस्पीकर बंद ठेवायचा, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. त्यामुळे कीर्तन आठला सुरू झालं तरच दहाला माइकवर संपतं, आणि काकडा बिनमाइकचाच करावा लागतो. तो तसाच गोड लागतो, हे कुणी कबूल करत नाही.

या सगळ्याचा कणा म्हणजे वीणा. सप्ताह बसला की वीणा उभी राहते आणि काल्यापर्यंत जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. सात दिवसांचे तास होतात १६८. दोन-दोन तासांचे पहारे धरले तर ८४. म्हणजे ८४ वेळा कुणीतरी वेळेवर यावं लागतं आणि ८४ वेळा कुणीतरी येईपर्यंत थांबावं लागतं. दिवसाचे पहारे पटापट भरतात, मानकरी पुढे असतात. रात्री बारा ते दोन आणि दोन ते चार हे दोन पहारे मात्र सप्ताहाचा जीव काढतात. पुढचा आला नाही तर उभा असलेला हलू शकत नाही. मग कुणालातरी धाडायचं, दाराची कडी वाजवायची, "येळ व्हयी गयी बापू, पहारावर चाला."

जाणता महाराज पहाऱ्यांची यादी आदल्या दिवशी स्वतः बसून करतो आणि रात्रीचे पहारे ज्यांना तशीही झोप लागत नाही त्यांना देतो. ज्याचा कापूस दोन महिने घरात पडून आहे, ज्याच्या मुलीचं लग्न मोडलंय, ज्याला बँकेची नोटीस आलीय. गावात हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त बोलायचं कसं हे माहीत नसतं. त्याला वीणा द्यायची. दोन तास उभं राहायचं, टाळ धरणारे दोघे सोबत, एकच नाम घ्यायचं. सल्ला नाही, सांत्वन नाही. भाव पडलेल्या वर्षी माणसाचा दिवसच विस्कटतो: सकाळी उठून पारावर बसायचं, दुपारी तिथेच, संध्याकाळी तिथेच. सप्ताह त्या दिवसाला पुन्हा सकाळ, दुपार, संध्याकाळ लावून देतो. कर्ज होतं तेवढंच राहतं. पण पहाटे दोनला त्याच्यावाचून कुणीतरी खोळंबलेलं असतं, आणि ही गोष्ट त्याला बऱ्याच दिवसांत कुणी जाणवू दिलेली नसते.

दुसरी खुबी भांडणांची. वीणा देणारा आणि घेणारा, वय, जात, नातं न बघता एकमेकांच्या पाया पडतात. वारकऱ्यांची ही साधी रीत. पण बांधावरून दोन पिढ्या कोर्टात असलेल्या दोन घरांचे पहारे यादीत एकापाठोपाठ आले, की या रीतीला धार येते. एकाला दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालावीच लागते, आणि वीणा गळ्यात घालताना माणूस इतका जवळ येतो की तोंड फिरवायला जागा उरत नाही. महाराज त्या वेळी समईत तेल घालायच्या निमित्तानं तिथेच घोटाळतो. काही बोलत नाही.

हे दर वेळी साधत नाही. कधी मधला माणूस घुसवला जातो: दोन मिनिटं तिसऱ्याच्या गळ्यात, मग ज्याच्या त्याच्या. कधी एक घर वर्गणीच परत मागतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पुढच्या वर्षी एकाच गावात दोन सप्ताह बसतात. वरच्या आळीचा वेगळा, खालच्या आळीचा वेगळा, एकाचा मांडव दुसऱ्यापेक्षा मोठा. तसं झालं की समजावं, यादी करताना महाराज कुणाच्या तरी ओसरीवर बसला होता. यादी देवळातच करायची असते, सगळ्यांसमोर, आणि कुणाच्याही घरी चहा घेण्याआधी.

पैशाचंही तसंच. चुलीमागे वर्गणी ठरते. बऱ्या वर्षी रोख, वाईट वर्षी धान्य. महाप्रसादाला वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. पाचशे पानांना जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ साधारण एक क्विंटल, तूरडाळ तीस किलो, वांगी सत्तर-पंचाहत्तर किलो लागतात. बट्टी उकडून, कापून, मग तळायची, म्हणजे तेल आणि सरपण वेगळं. हे सात दिवस रोज करायचं म्हटलं तर दुष्काळी वर्षात गाव कर्जात जातं. अशा वेळी नाश्त्याला पोहे, रात्री साधी खिचडी आणि पंगत फक्त काल्याला, हे सांगायचा अधिकार एकट्या महाराजाला असतो. सरपंचानं सांगितलं तर कंजुषी ठरते, महाराजानं सांगितलं तर नेम ठरतो. पण हाच महाराज बिदागीचा आकडा आधी फोनवर ठरवून, मोठी गाडी घेऊन येणारा असला तर खिचडीची गोष्ट त्याच्या तोंडून निघेल कशी? हल्ली नाववाल्या कीर्तनकाराच्या तारखेसाठी सप्ताह पुढे-मागे होतात. नेम सांगणाऱ्यानंच तारीख हलवली की पुढचं सगळं हलतं.

एक जागा अशी आहे, जिथे महाराजाचा शब्द सगळ्यांत जपून पडायला हवा. शेतकऱ्यानं स्वतःला संपवलेल्या घरातली दशक्रिया, गंधमुक्ती. दहाव्या दिवशी नदीवर प्रवचन असतं, अर्धा तास. समोर बायका, पोरं, सोयरे, सावकारही. इथे "प्रारब्ध होतं" म्हणणारा महाराज त्या बाईच्या पायाखालची उरलीसुरली माती काढून घेतो. "भित्रा होता" म्हणणारा त्याहून वाईट. आणि गेलेल्याला हुतात्मा करून टाकणारा सगळ्यांत धोक्याचा, कारण त्या गर्दीत त्याच विचाराच्या उंबरठ्यावर असलेला आणखी कुणीतरी बसलेला असतो. गेला कसा याचं वर्णन अजिबात करायचं नाही. तो माणूस कसा होता, बैलांना काय नावं ठेवायचा, ते बोलायचं.

मग शेवटच्या पाच मिनिटांत कामाचं: येत्या पेरणीला औत कुणाचं, पोरांच्या शाळेचं कोण बघणार, आणि तेरावं होईपर्यंत उधारीवाल्यानं दारात यायचं नाही. चार माणसांत, नदीवर, देवाच्या नावानं बोललेलं असलं की लोक ते सहसा मोडत नाहीत. सरकारी मदत एक लाखाची आहे, पण आधी प्रकरण पात्र ठरावं लागतं. त्यासाठी सातबारा, कर्जाचे कागद, शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, आणि त्या दिवसांत घरातलं कुणीही कपाट उघडण्याच्या स्थितीत नसतं. कागद गोळा करायला गावातला एक लिहिता-वाचता पोरगा तिथल्या तिथे नेमून देणारा महाराज तासभर वैराग्य सांगणाऱ्यापेक्षा मला थोर वाटतो.

त्यानंतर सगळे पांगतात. पुढचं कठीण असतं ते वर्षसण. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात. पहिली आखाजी त्या घरावर वाघासारखी येते. लेकी माहेरी येण्याचा, झोक्यांचा सण, आणि या घरात घागर. त्या दिवशी सकाळी जो दहा मिनिटं येऊन ओट्यावर बसून जातो, तो खरा गुरू. त्यानं काही बोललं नाही तरी चालतं. न बोललेलं बरं.

सातपुड्यात हीच गोष्ट वेगळ्या भाषेत झाली. तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुलाम महाराज नावाचे भिल्ल साधू होऊन गेले. तीसच्या दशकातला पश्चिम खानदेश: जमिनी हातच्या गेलेल्या, सावकार आणि दारू यांच्या मधोमध आदिवासी सापडलेला. महाराजांनी सांगितलं ते अगदी थोडं होतं. दारू सोडा, रोज आंघोळ करा, सोमवारी आरतीला जमा, आणि एकमेकांना 'आप' म्हणा. 'आप की जय'. ज्याला आयुष्यभर सगळ्यांनी 'अरे'नं हाक मारली, त्याला शेजारच्यानं 'आप' म्हणायचं. खर्च शून्य. पण त्या एका सर्वनामानं सावकाराच्या ओट्यावर उभं राहायची रीत बदलत जाते, हे ज्यांचा धंदा 'अरे'वर चालायचा त्यांना लवकर कळलं. १९३८ मध्ये महाराज गेले. भाऊ रामदास महाराजांनी काम पुढे नेलं, तर प्रशासनानं त्यांना जिल्ह्याबाहेर घालवलं.

दारूबंदीच्या कितीतरी मोहिमा पुढे आल्या-गेल्या, मग हीच का रुजली? मला वाटतं, सोमवारमुळे. दारू सोडणाऱ्याचा पहिला आठवडा निभतो, तिसऱ्या आठवड्यात घात होतो. एकट्यानं सोडलेली एकट्यातच परत येते. दर सोमवारी शेकडो माणसांत आरतीला उभं राहायचं असेल तर रविवारच्या संध्याकाळचा हात आखडतो. हे मोगरीचंच काम: एकदा लावून भागत नाही, दर हातभर अंतरावर लावत राहायचं.

सत्तरच्या दशकात शहाद्याकडे अंबरसिंग महाराज उभे राहिले. तेही भजनातून आलेले, सर्वोदयाच्या वाटेनं. १९७१ च्या पाटीलवाडी प्रकरणानंतर, म्हणजे जमीनमालकांकडून आदिवासींवर झालेल्या गोळीबारानंतर, ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती परिषद भरली आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग १९७४ मध्येच गेले. इथे स्थैर्य या शब्दाचा अर्थ बदलतो. जमीनमालकांच्या लेखी हा महाराज अस्थिरता आणणारा होता. ज्यांची जमीन गेली होती त्यांच्या लेखी पायाखाली पहिल्यांदाच काही घट्ट लागलं होतं. स्थैर्य कुणाचं, हे विचारल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

आणि हे विचारलं की साने गुरुजी आठवतातच. अमळनेरच्या शाळेत शिकवलेला हा माणूस १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसला, विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून. दहा दिवसांनी उपोषण सुटलं. त्या दहा दिवसांत दार बंद ठेवू पाहणारेही नेमाचेच दाखले देत होते. परंपरा, सोवळं, पूर्वापार. म्हणजे नेम ही निव्वळ चांगली गोष्ट नाही. मोगरी चाकाखाली लावायची असते, काही जण ती दारात ठोकून ठेवतात. फरक बघायचा तर सोपी खूण आहे: मोगरी काढता येते का आणि काढायची कधी, हे लावणाऱ्याला माहीत आहे का.

धुळे, जळगाव, चाळीसगाव, भुसावळसारख्या गावांत सणांच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. चहा, बिस्किटं, साहेबांचं भाषण, फोटो. फोटोतले लोक कामाचे असतातच असं नाही. कामाचं बोलणं बहुधा फोटोनंतर, जिन्यात होतं. मिरवणूक मशिदीसमोरून कधी जाणार? शुक्रवार असेल तर जुम्म्याची वेळ टाळायची. संध्याकाळी मगरिबची नमाज सूर्यास्ताला लागूनच असते, तेव्हा ढोल कुठल्या चौकात असतील? मिरवणूक नेहमी उशिरानं चालते, म्हणून कागदावरच्या वेळेत तास-दीड तास मिळवून हिशेब धरायचा. पुढचं मंडळ रेंगाळलं की मागच्या तीन मंडळांची वेळ नेमकी नमाजेवर येते. दंगलीला बहुतेक वेळा कारस्थानाइतकाच हा रेंगाळलेला अर्धा तास लागतो.

म्हणून मौलाना आणि महाराज या दोघांकडे एकमेकांचा फोननंबर असणं आणि तो मध्यरात्री उचलला जाणं, याला मी भाईचाऱ्याच्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त किंमत देतो. अफवा रात्री दहानंतर फिरते. मोबाइलवर एक जुना व्हिडिओ येतो, "आपल्या पोराला मारलं." खरंखोटं करायला अर्धा तास असतो, फार तर. मौलानानं महाराजाला विचारायचं, महाराजानं त्या गल्लीतल्या माणसाला. उत्तर आलं की दोघांनी आपापल्या लोकांना सांगायचं. दुसऱ्याच्या लोकांना सांगायला जाऊ नये, तिथेच फसतं. महाराजानं मुसलमानांना आणि मौलानानं हिंदूंना उपदेश करणं वर्तमानपत्राला आवडतं, गल्लीला आवडत नाही. स्वतःच्या पोरांना "घरी जा" म्हणणं जास्त अवघड आणि जास्त उपयोगाचं, कारण त्यात स्वतःची पत खर्च होते.

पत खर्च केल्याचं एक मोठं उदाहरण अलीकडचंच. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. महाराष्ट्रात ठिकठिकाणी मुस्लिम मंडळींनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं, आणि सरकारनंही २९ ची सुट्टी दिली. ऐकायला सोपं वाटतं. पैगंबरांच्या जन्मदिवसाचा जुलूस एक दिवस पुढे ढकला, हे स्वतःच्या तरुणांना सांगणाऱ्या मौलानाला "तुम्ही घाबरलात" हे ऐकावं लागतंच. ते ऐकून घ्यायचं. त्याचा मोबदला म्हणजे त्या रात्री काहीच घडत नाही, आणि न घडलेल्याची नोंद कुणी ठेवत नाही.

बिघडतं कुठे? मोगरीवाला रथावर चढला की. महाराज मंचावर उमेदवाराशेजारी बसला की पहाऱ्याच्या यादीला पहिल्यांदा वास येतो. दुसरं, औषधाच्या आड आला की. सातपुड्यात साप चावला की आधी भगताकडे नेतात, हे काही आज-उद्या बदलणार नाही. चांगला भगत दोन मिनिटांत अंगारा लावतो आणि म्हणतो, आता गाडी काढा, सुई दवाखान्यात आहे. वाईट भगत रात्रभर बसवून ठेवतो. विष तोवर काम करून गेलेलं असतं. दोघांचा अंगारा एकच. एकाला आपली हद्द कळते. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, पण पहाटे तीनला पाड्यावर कायदा पोचत नाही, तिथे भगतच असतो. २०२१ मध्ये धडगाव-अक्कलकुव्याकडे लशीला लोक बिचकत होते, तेव्हाही प्रश्न असाच होता: ज्याच्या शब्दावर पाडा चालतो, त्यानं आधी स्वतःचा दंड पुढे केला की नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, २०२० च्या वैशाखात, अमळनेरला बोरीच्या पात्रात यात्रा भरली नाही. सखाराम महाराजांची समाधी तिथेच, नदीच्या पात्रात. दर वर्षी पाळणे, दुकानं, उसाचा रस, मोहिनी एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. त्या वर्षी कोरडं पात्र आणि ऊन. मुक्ताईची पालखी एरवी मुक्ताईनगरहून महिन्याहून अधिक चालत, बुलढाणा, जालना, बीड ओलांडत पंढरीला जाते; त्या आषाढात पादुका एसटीत बसून गेल्या, सोबत मोजकी माणसं. ज्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या दिंडीचं जेवण ठरलेलं आहे, तिथल्या चुली पेटल्या नाहीत. धर्मपुरुषांची त्या वर्षी खरी परीक्षा झाली, कारण त्यांना स्वतःच्याच नेमाखाली मोगरी लावायची होती. बहुतेकांनी लावली. चार माणसांत पूजा केली आणि लोकांना घरी बसवलं. नेम मोडला असं कुणी म्हटलं नाही, कारण तिथी चुकली नव्हती. गर्दी तेवढी वजा झाली होती.

पुढे रथ पुन्हा निघाले. निघण्याआधी पहिलं काम मोगऱ्या तपासण्याचं. बंद खोलीत पडून राहिलेलं लाकूड चिरतं, आणि चिरलेली मोगरी वजन आल्यावर उभी फाटते. मिरवणूक संपून रथ पहाटे जागेवर आला, की आरती, प्रसाद, लोक घरी. मोगरीवाले मागे राहतात. मोगऱ्या गोळा करून मोजायच्या, कडा झिजलेल्या बाजूला काढायच्या. त्यांतली एक नमुन्याला सुताराकडे जाते, तेवढ्याच मापाच्या नव्या करायला. उरलेल्या पुसून, रथाच्याच खोलीत, चाकांना लावून ठेवतात, म्हणजे वर्षभर रथ जागचा हलत नाही.